मोडेम झोपतो आणि परत सापडत नाही: ऑटोसस्पेंड सरसकट बंद करावं का?

पाऊसमोजणी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. पानशेतच्या मागच्या अंगाला एका मित्राच्या शेतावर मी पर्जन्यमापक आणि ओढ्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला आहे. ओढ्यावर एक जुना साकव आहे आणि पलीकडच्या वाडीतली मुलं शाळेला त्यावरूनच येतात. पाणी साकवाला लागायच्या आत वाडीतल्या चार-पाच फोनवर निरोप जावा, यासाठी हा सगळा खटाटोप आहे. त्यामुळे मोडेमनं अधूनमधून गप्प बसणं मला चालणारं नाही.

रचना अशी: २० वॉटचं सोलर पॅनल, १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, एक छोटा लिनक्स बोर्ड आणि यूएसबीवर ४जी मोडेम. जुलैत तिकडे सलग कित्येक दिवस ऊन पडत नाही, म्हणून वीज वाचवायला पॉवरटॉपचा (लिनक्सवर वीज वाचवणारं साधन) ऑटो-ट्यून बूट होताना चालेल असं सर्व्हिसमध्ये टाकलं. तो रिकाम्या यूएसबी उपकरणांना आपोआप झोपू देतो, तेच ऑटोसस्पेंड. तेव्हापासून त्रास सुरू झाला. बूट झाल्यावर काही वेळानं मोडेम उत्तर देईनासा होतो. लॉगमध्ये ‘डिस्कनेक्ट’ येतं, कधी उणे ७१, कधी उणे ११० एरर येते, मग तोच मोडेम नव्या डिव्हाइस नंबरानं परत उगवतो. माझी स्क्रिप्ट टीटीवाययूएसबी२ (मोडेमच्या एका पोर्टाला लिनक्सनं दिलेलं नाव) वर सिग्नल विचारते, तर तो आता टीटीवाययूएसबी५ झालेला असतो.

गंमत म्हणजे एकदा असं पडून उठला की दिवसभर नीट चालतो. पहाटे ३ ला बोर्ड रीबूट होतो, त्यानंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कर्नलच्या बूट ओळीत यूएसबीकोर ऑटोसस्पेंड उणे १ (म्हणजे ही आपोआप झोप सगळ्यांसाठी बंद) करून टाकावं का? की बॅटरीचं गणित बिघडेल?

मुठाकाठ (सोमवार, रात्री १०.०५)

उणे १ करा आणि मोकळे व्हा. मी सगळीकडे तेच करतो.

सातारारोड (सोमवार, रात्री १०.२०)

सरसकट उणे १ ला माझा विरोध आहे, पण त्याआधी थोडी माहिती द्या. मोडेम थेट बोर्डात आहे की हबमधून? केबल किती लांब? डेटासाठी कोणता ड्रायव्हर बसलाय, क्यूएमआय-डब्ल्यूवॅन की सीडीसी-एमबीआयएम? आणि सर्व्हरशी जोडणी सतत उघडी असते का?

पाऊसमोजणी (सोमवार, रात्री १०.४५)

हब नाही. पेटी घराच्या आत आणि मोडेम बाहेर वळचणीला, कारण आत सिग्नल येत नाही. मध्ये दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल आहे, साधी बारीक. डेटाला क्यूएमआय-डब्ल्यूवॅन, एटी कमांडच्या (मोडेमला द्यायच्या हुकमांच्या) पोर्टांना ऑप्शन ड्रायव्हर. एमक्यूटीटी (सेन्सरचे निरोप सर्व्हरला पाठवायची पद्धत) जोडणी सतत उघडी, कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत आहे असं कळवणारा छोटा निरोप) ६० सेकंद. मोजमाप दर १५ मिनिटांनी जातं, पाणी वाढलं तर लगेच.

कर्वेनगर_लिनक्स (मंगळवार, सकाळी ७.१५)

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘एकदा पडून उठला की दिवसभर नीट चालतो’. त्यातच निदान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिनक्स कर्नल स्वतःहून हब आणि काही मोजक्या ड्रायव्हरांची उपकरणं सोडून इतर यूएसबी उपकरणांना चालू अवस्थेत झोपवत नाही. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो ती जागा) त्या उपकरणाच्या फोल्डरात पॉवर/कंट्रोल नावाची फाइल असते. तिच्यात ‘ऑन’ असेल तर उपकरण जागं ठेवलं जातं, ‘ऑटो’ असेल तर रिकामं बसल्यावर झोपवायची परवानगी मिळते. मोडेमसाठी मुळात ‘ऑन’च असतं. (सिस्टमडीच्या हार्डवेअर यादीत तुमच्या मोडेमचं नाव असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं तपासून घ्या.) पॉवरटॉपचा ऑटो-ट्यून किंवा लॅपटॉपवर टीएलपी, ही मंडळी येऊन तिचं ‘ऑटो’ करतात.

आता तुमच्याकडे काय होतं पाहा. बूट झाल्यावर पॉवरटॉप एकदाच चालतो आणि मोडेमला ‘ऑटो’ करतो. मोडेम झोपतो, उठताना कोसळतो, यूएसबी बसवरून (उपकरणं जिच्यावर जोडलेली असतात ती वाहिनी) गळून पुन्हा जोडला जातो. कर्नलच्या दृष्टीनं हे नवं कोरं उपकरण, त्यामुळे त्याची कंट्रोल फाइल पुन्हा ‘ऑन’. पॉवरटॉप काही परत येत नाही. म्हणून दिवसभर शांतता, रीबूटनंतर पुन्हा तोच खेळ. खात्री करायची असेल तर बूट झाल्या झाल्या ती फाइल वाचा आणि मोडेम पडून उठल्यावर पुन्हा वाचा.

यातून दुसरीही गोष्ट कळते. आरसी-लोकलमध्ये (बूट होताना एकदा चालणारी स्क्रिप्ट) ‘ऑन’ किंवा ‘ऑटो’ लिहून ठेवणाऱ्यांची सेटिंग का टिकत नाही, तर ती फाइल त्या जोडणीपुरती असते. मोडेम निसटला की तिच्याबरोबर सेटिंगही गेली. म्हणून हे यूडेव्ह नियमातच (उपकरण जोडलं गेलं की दर वेळी लागू होणारा नियम) लिहायचं: सबसिस्टिम यूएसबी, ॲक्शन ॲड, आयडी-व्हेंडर आणि आयडी-प्रॉडक्ट तुमच्या मोडेमचे, आणि ॲट्रिब्यूट पॉवर/कंट्रोलला हवी ती किंमत. पण नियम लिहूनही पॉवरटॉपची सर्व्हिस त्याच्यानंतर चालली तर तुमच्या नियमावर पाणी फिरवते. एक तर ती सर्व्हिस काढा, नाहीतर तिच्यानंतर चालणारी छोटी सर्व्हिस लावा. टीएलपी असेल तर त्यात यूएसबी डिनायलिस्ट (झोपवायचं नाही अशा उपकरणांची यादी) आहे, शिवाय डब्ल्यूवॅन उपकरणं वगळायचा वेगळा पर्यायही आहे.

आता झोप लागते कशी ते. रिकामं बसल्यावर किती वेळानं झोपवायचं हे ऑटोसस्पेंड-डिले-एमएस ठरवते, मूळ किंमत २ सेकंद. पण कर्नल वेळ बघून सरळ बस बंद करत नाही. प्रत्येक ड्रायव्हर काम असताना ‘मी धरलंय’ आणि काम संपल्यावर ‘सोडलं’ असं मोजत असतो. मोडेम म्हणजे एकाच उपकरणात पाच-सहा इंटरफेस: एक डेटाचा, बाकीचे एटी, जीपीएस, डायग्नॉस्टिक. यातल्या सगळ्यांनी सोडलं तरच अख्खं उपकरण झोपतं. एखाद्या इंटरफेसवर ऑटोसस्पेंड न येणारा ड्रायव्हर बसला असेल, तर बाकीच्यांनी कितीही सोडलं तरी झोप नाही. क्यूएमआय-डब्ल्यूवॅनला ते येतं, आणि ऑप्शनला यूएसबी-सिरियलच्या गाभ्यातून ते मिळतं.

आणखी एक अट आहे, रिमोट वेकअपची. एटी पोर्ट उघडं असताना ऑप्शन ड्रायव्हर म्हणतो की झोपवायला हरकत नाही, पण मोडेमकडे काही आलं तर त्यानं मला उठवलं पाहिजे. मोडेमच्या डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण स्वतःबद्दल देतं ती माहिती) ही क्षमता लिहिलेली नसेल तर पोर्ट उघडं असेपर्यंत झोप नाकारली जाते. एलएसयूएसबी कमांडला सविस्तर माहिती मागा, बीएम-ॲट्रिब्यूट्सखाली ‘रिमोट वेकअप’ दिसतं का ते पाहा.

खरंच झोपतोय का, हे पॉवर/रनटाइम-स्टेटस सांगते. तिथे ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘सस्पेंडेड’ असतं. ही फाइल वाचल्यानं मोडेम उठत नाही, बिनधास्त वाचा.

राहिला टीटीवाययूएसबीचा प्रश्न. मोडेम गेला तेव्हा तुमच्या स्क्रिप्टनं जुनं पोर्ट उघडंच धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो क्रमांक मोकळा होत नाही आणि नव्या पोर्टाला पुढचा मिळतो. स्क्रिप्टमध्ये डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं नाव वापरा. त्यात इंटरफेसचा क्रमांक असतो, तो बदलत नाही. आणि वाचताना चूक आली की पोर्ट बंद करून पुन्हा उघडा.

मुठाकाठ (मंगळवार, सकाळी ८.३०)

हे सगळं मान्य. पण एवढं करून शेवटी ‘ऑन’च लिहायचं असेल तर उणे १ मध्ये काय वाईट?

कर्वेनगर_लिनक्स (मंगळवार, सकाळी ८.५०)

उणे १ हे बसवरच्या सगळ्या उपकरणांची मूळ किंमत बदलतं. शिवाय मोडेमला झोपू दिलंच नाही तर मोड्यूलच्या (मोडेमचा मुख्य भाग) आतली झोपही जाते. ते इथल्या भोसरी_एमआयडीसी यांनी सांगितलेलं जास्त बरं, त्यांचा रोजचा व्यवसाय आहे.

भोसरी_एमआयडीसी (मंगळवार, दुपारी १.२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आमच्याकडे वीज मीटर आणि वाहनांच्या ट्रॅकरसाठी मोडेमचे बोर्ड बनतात, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

लोक ‘मोडेम झोपतो’ म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या झोपा एकत्र करतात. यूएसबी बसची झोप वर आलीच आहे: बसवर ३ मिलिसेकंद काही हालचाल नसेल तर उपकरणानं झोपेत जायचं आणि मग बसवरून जास्तीत जास्त २.५ मिलिअँपिअर घ्यायचे, हा यूएसबी २.० चा नियम. दुसरी मोड्यूलची स्वतःची झोप, म्हणजे आतला प्रोसेसर आणि घड्याळं मंदावणं. क्वेक्टेलच्या मोड्यूलवर तिला एटी+क्यूएससीएलके=१ लागतं, सिमकॉमवर एटी+सीएससीएलके=१, आणि डीटीआर पिन (झोपेची परवानगी देणारी) बाहेर काढली असेल तर तिची पातळीही बरोबर हवी. तिसरी नेटवर्कची झोप: टॉवरकडून काही आलंय का हे मोडेम सतत ऐकत नाही, ठरावीक चक्रानं ऐकतो. एलटीईत ही चक्रं ०.३२ पासून २.५६ सेकंदांपर्यंत असतात.

या एकमेकींवर अवलंबून आहेत. यूएसबी जागी असेल तर मोड्यूल खोल झोपेत जातच नाही. म्हणून क्यूएससीएलके लावूनही वीज कमी होत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की आम्ही आधी यूएसबीची अवस्था विचारतो. कॅट-४ किंवा कॅट-१ (४जी मोडेमच्या वेगाच्या श्रेणी) मोड्यूल यूएसबी जागी ठेवून नुसतं बसलं तर ३.८ व्होल्टवर साधारण २० ते ३० मिलिअँपिअर घेतं. झोपलं तर दोन-चार मिलिअँपिअर.

आता तुमचा हिशोब मांडू. २५ मिलिअँपिअर म्हणजे ०.०९५ वॉट, दिवसाला सुमारे २.३ वॉट-तास. झोपेत ३ धरले तर दिवसाला ०.३ वॉट-तासाच्या आत. म्हणजे ऑटोसस्पेंडची कमाई दिवसाला २ वॉट-तास. तुमची बॅटरी ७७ वॉट-तासाची. बोर्ड किती घेतो?

पाऊसमोजणी (मंगळवार, दुपारी २.००)

बोर्ड ०.६ वॉटच्या आसपास, मीटर लावून पाहिलंय.

भोसरी_एमआयडीसी (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

म्हणजे दिवसाला १४.४ वॉट-तास एकटा बोर्डच खातो. मोडेमच्या झोपेवर एवढी लढाई करण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आणि एक चोर तुम्ही स्वतः घरात घेतलाय, ६० सेकंदांचं कीप-अलाइव्ह. दोन-चार बाइट पाठवायला मोडेम टॉवरशी पूर्ण जोडणी करतो, आणि पाठवून झालं तरी नेटवर्क ती लगेच सोडत नाही. किती वेळ धरायची हे ऑपरेटर ठरवतो, दहा-एक सेकंद ही नेहमीची गोष्ट. त्या काळात १५० मिलिअँपिअर धरा. दर मिनिटाला दहा सेकंद म्हणजे एकषष्ठांश वेळ, सरासरी २५ मिलिअँपिअर. यूएसबी जागी ठेवायला जेवढी वीज लागते तेवढीच इथे जाते! शिवाय दर मिनिटाला मोडेम झोपतो आणि उठतो, दिवसाला १४४० वेळा. प्रत्येक उठणं ही पडायची एक संधी.

तुमचं मोजमाप १५ मिनिटांनी जातं. मग जोडणी उघडी ठेवायचीच कशाला? पाठवायच्या वेळी जोडा, पाठवा, पोचपावती घ्या, तोडा. पाणी वाढल्याचा निरोप तुमच्याकडूनच निघतो, बाहेरून कोणी तुम्हाला हाक मारायची नाहीये.

आता पडण्याचं कारण. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, समोरून आलेले सिग्नल कळण्यासारखे नव्हते. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. या दोन्ही एकत्र दिसल्या की मी ड्रायव्हर उघडायच्या आधी केबल हातात घेतो. तुमची दीड मीटरची बारीक केबल २८ गेजची असणार (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक). त्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध, जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे ०.६४ ओहम. १ अँपिअर ओढला की ०.६४ व्होल्ट तारेतच गेले, मोडेमला ५ ऐवजी ४.३६ मिळाले. कनेक्टरचा रोध वेगळाच.

आणि १ अँपिअर ओढला जातो का? तुमच्या खोऱ्यात सिग्नल कमकुवत, मोडेम पूर्ण ताकदीनं पाठवतो. त्यातून तो २जी वर घसरला तर ९०० मेगाहर्ट्झला २ वॉटनं पाठवतो. जीएसएमचा एक टाइमस्लॉट ५७७ मायक्रोसेकंदांचा, दर ४.६१५ मिलिसेकंदांनी येतो, आणि तेवढ्या क्षणापुरता मोड्यूल २ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. साधा मल्टिमीटर हे दाखवणार नाही, ऑसिलोस्कोपच लागतो.

मग झोपेतून उठतानाच का पडतो? चालू बसवर एखादं पॅकेट बिघडलं तर कंट्रोलर तेच पुन्हा मागून घेतो, वरच्या थराला पत्ताही लागत नाही. उठतानाची गोष्ट नाजूक असते. होस्ट २० मिलिसेकंद उठण्याचा इशारा देतो, त्यानंतर मोडेमनं ठरल्या वेळात हाय-स्पीडवर हजर व्हायचं असतं. नेमक्या त्याच वेळी आतला रेडिओही जागा होऊन टॉवरला साद घालतो. व्होल्टेज तिथे बसलं की हबला वाटतं उपकरण निघून गेलं.

माझा अंदाज सांगितला. फर्मवेअरचा (मोडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) दोषही असू शकतो, काही मोड्यूलं उठताना स्वतःहून बसवरून उतरून पुन्हा चढतात. ओळखायचं कसं? कोथरूड-बिथरूड जिथे कुठे राहता तिथे, चांगल्या सिग्नलमध्ये, हातभर जाड केबलनं, ‘ऑटो’ ठेवून चालवून बघा. तिथेही पडला तर फर्मवेअर. तिथे नाही पडला तर तार.

तार बदलणार असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत २४ गेजच्या पॉवर तारांची केबल मागा. २४ गेजला मीटरमागे ०.०८४ ओहम, तोच भार असेल तर पाव व्होल्टच जाईल. त्याहून उत्तम म्हणजे मोडेमशेजारीच ५ व्होल्टचा कन्व्हर्टर ठेवा आणि १२ व्होल्ट तिथपर्यंत न्या. १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर मोडेमच्या तोंडाशी.

विद्यार्थी_शिवाजीनगर (मंगळवार, रात्री ९.१०)

कर्वेनगर काका, एक शंका. माझ्या लॅपटॉपमध्ये आतला एलटीई मोडेम आहे. झाकण मिटून उघडलं की मोबाइल ब्रॉडबँड गायब, मिनिटभरानं परत येतं. कंट्रोल फाइल ‘ऑन’ आहे. मग हे का होतं?

कर्वेनगर_लिनक्स (मंगळवार, रात्री ९.३५)

ती वेगळी झोप. झाकण मिटल्यावर सगळी यंत्रणा झोपते, तिथे कंट्रोल फाइलला कोणी विचारत नाही. त्या झोपेत यूएसबी पोर्टची वीजही गेली तर मोडेम शून्यापासून सुरू होतो. ड्रायव्हरमध्ये रीसेट-रिझ्यूम लिहिलेलं असेल तर तो म्हणतो ‘उपकरण तेच आहे, पुढे चालू’. नसेल तर ड्रायव्हर सुटतो आणि नव्यानं बसतो. क्यूएमआय-डब्ल्यूवॅनमध्ये ते आहे. क्वेक्टेलच्या लिनक्स मार्गदर्शिकेत ऑप्शन ड्रायव्हरला रीसेट-रिझ्यूमची ओळ जोडायला सांगितलेली असते, ती याचसाठी. आणि ड्रायव्हरनं ओळखलं तरी मोडेमला नेटवर्कवर पुन्हा नोंद करायला वेळ लागतोच. मिनिटभर म्हणजे फार वाईट नाही.

चाकण_वजनकाटा (बुधवार, सकाळी १०.१५)

धागा आवडला. मी विंडोजवाली आहे. आमच्या वजनकाट्यावर विंडोज पीसी आणि यूएसबी मोडेम आहे, पावत्या त्यावरून मुख्य ऑफिसला जातात. रात्री गाड्या नसतात, पहाटे पहिली गाडी आली की मोडेम मेलेला. काढून घातला की चालू. रात्रपाळीचा मुलगा दर वेळी टेबलाखाली घुसतो. ड्रायव्हर अपडेट केला की काही दिवस अजूनच बिघडतं. लिनक्सचं हे सगळं माझ्या कामाचं आहे का?

सातारारोड (बुधवार, सकाळी ११.००)

ताई, तत्त्व तेच, फक्त फडताळ वेगळं. विंडोजमध्ये दोन ठिकाणी बघायचं. पॉवर ऑप्शन्समधल्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असतं, ते सगळ्या उपकरणांना लागू. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेम, त्याचे सिरियल पोर्ट आणि यूएसबी रूट हब, यांच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे’ अशी टिचकी (टिक केलेला चौकोन) असते. वजनकाट्याचा पीसी भिंतीतल्या विजेवर चालतो, तिथे दोन वॉट-तासांसाठी जीव काढायचं कारण नाही. टिचकी काढा.

ड्रायव्हर अपडेटनंतर बिघडतं ते याच कारणानं. मोडेम कंपनीचा ड्रायव्हर बसताना आयएनएफ फाइलमधल्या (ड्रायव्हरच्या सेटिंगची फाइल) मूळ किमती पुन्हा लिहिल्या जातात आणि टिचकी परत येते. अपडेट केलं की तपासायचं, हे तिथल्या वहीतच लिहून ठेवा. मोडेम दुसऱ्या पोर्टात घातला तरी तपासा, विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकतं. आणि ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एनर्जी चालवलं तर ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल मिळतो, सिलेक्टिव्ह सस्पेंडमध्ये न जाणारी उपकरणं त्यात दिसतात. तुमच्या बाबतीत मोडेमचं नाव त्या यादीत दिसणं हीच चांगली बातमी.

चाकण_वजनकाटा (बुधवार, सकाळी ११.४०)

रूट हबवरची टिचकी कधी बघितलीच नव्हती. आज काढते. मनापासून आभार.

मुठाकाठ (बुधवार, दुपारी ४.००)

पाऊसमोजणी, पीएसएम (पॉवर सेव्हिंग मोड) का नाही लावत? मोडेम तासन्‌तास मायक्रोअँपिअरमध्ये झोपतो म्हणतात.

भोसरी_एमआयडीसी (बुधवार, रात्री ८.१५)

पीएसएम ३जीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) रिलीज १२ मध्ये आला, ईडीआरएक्स (टॉवरला ऐकण्याचं चक्र लांबवणं) रिलीज १३ मध्ये. दोन्ही मोडेमनं मागायच्या आणि नेटवर्कनं द्यायच्या गोष्टी. एटी+सीपीएसएमएसनं तुम्ही काय मागितलं ते कळतं. मिळालं काय ते बघायचं तर एटी+सीईआरईजी=४ करून उत्तरातले टायमर वाचा, ईडीआरएक्ससाठी एटी+सीईडीआरएक्सआरडीपी. नेटवर्कनं टायमर दिलाच नाही तर तुमची सेटिंग कागदावरच. आमच्याकडे ग्राहक ‘पीएसएम चालू केलाय’ असं ठामपणे सांगतात, आणि उत्तरात टायमरची जागा रिकामी असते.

दिला तरी लक्षात घ्या, पीएसएममध्ये गेल्यावर बाहेरून मोडेमपर्यंत काहीच पोचत नाही, आणि खोल झोपेत मोडेम यूएसबीवरून निघूनच जातो. लिनक्सला ते डिस्कनेक्टच दिसणार. ज्यांना यूएसबी बसवरची झोप सांभाळायची आहे त्यांनी पीएसएम लावून दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये. यूएआरटीवर (साधी सिरियल जोडणी) चालणाऱ्या छोट्या बोर्डांसाठी ते उत्तम.

पाऊसमोजणी (पुढच्या सोमवारी, रात्री ९.००)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पानशेतला जाऊन आलो. वाटेत खडकवासल्याला सांडव्यावर ही गर्दी, पण तो विषय वेगळा.

कर्वेनगरचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. बूटनंतर कंट्रोल फाइलमध्ये ‘ऑटो’, मोडेम पडून उठल्यावर ‘ऑन’. घरी आखूड केबलनं ‘ऑटो’ ठेवून चालवलं, मोडेम झोपत-उठत राहिला, एकदाही पडला नाही. तीच दीड मीटरची बारीक केबल लावली तेव्हा घरच्या चांगल्या सिग्नलमध्येही उणे ७१ अधूनमधून आलं. म्हणजे भोसरीकरांचा अंदाज खरा. ऑटोसस्पेंड काही पाडत नव्हतं, केबलचा अशक्तपणा ते उघड करत होतं.

शेतावर आता १२ व्होल्ट वळचणीपर्यंत नेले आहेत, कन्व्हर्टर आणि कपॅसिटर मोडेमशेजारी, पाणी न शिरणाऱ्या डबीत. पॉवरटॉपची सर्व्हिस काढली. मोडेमसाठी यूडेव्ह नियमात ‘ऑटो’ आणि डिले २ सेकंदांऐवजी १५ सेकंद, म्हणजे पाठवण्याच्या मधल्या क्षणांत उगाच झोपणार नाही. एमक्यूटीटी आता पाठवण्यापुरतीच जोडली जाते. स्क्रिप्ट बाय-आयडी नावानं पोर्ट उघडते आणि काम झालं की बंद करते.

पाणी वाढल्याच्या निरोपाचीही परीक्षा घेतली. सेन्सर हातानं बुडवला, मोडेम झोपेतून उठला, वाडीतल्या फोनवर निरोप पोचला. बोर्डाचे १४.४ वॉट-तास तेवढे मनात सलतायत. पर्जन्यमापकाची बकेट उलटली की रीड स्विचचा एक ठोका येतो, तो मोजायला अख्खा लिनक्स बोर्ड जागा ठेवणं बरोबर नाही. पुढच्या हंगामाआधी ठोके मोजायला मायक्रोकंट्रोलर लावून बोर्ड १५ मिनिटांनी उठवायचा विचार आहे.

भोसरी_एमआयडीसी (पुढच्या सोमवारी, रात्री ९.३०)

फार छान. मायक्रोकंट्रोलरकडे पातळीचा सेन्सरही द्या, म्हणजे पाणी वाढलं तर तो वेळेची वाट न बघता बोर्ड उठवेल. साकवाच्या बाबतीत १५ मिनिटं फार होतात. आणि तेव्हा बोर्डाबरोबर मोडेमची वीज तोडायची की ठेवायची, हे आधी ठरवा. वीज तोडली तर उठल्यावर नेटवर्कवर नोंद व्हायला वेळ जातो, आणि तुमच्यासारख्या सिग्नलमध्ये तो बराच लांबू शकतो. मी असतो तर पावसाळाभर मोडेमला वीज चालू ठेवून झोपवला असता आणि उन्हाळ्यात तोडली असती.

कर्वेनगर_लिनक्स (पुढच्या सोमवारी, रात्री १०.१०)

एक भर. दर १५ मिनिटांच्या मोजमापाबरोबर पॉवर फोल्डरातले रनटाइम-ॲक्टिव्ह-टाइम आणि रनटाइम-सस्पेंडेड-टाइम हे दोन आकडेही पाठवा. जागेपणाचं प्रमाण अचानक वाढलं तर कोणीतरी पोर्ट धरून बसलंय असं समजा. आणि दोन्ही आकडे एकदम शून्याजवळ आले, पण बोर्डाचा अपटाइम (बूट झाल्यापासूनचा वेळ) मोठाच आहे, तर मध्ये मोडेम बसवरून निसटून पुन्हा जोडला गेला. ते कळायला पानशेतपर्यंत जावं लागणार नाही.

पाऊसमोजणी (पुढच्या सोमवारी, रात्री १०.२५)

हे आजच रात्री टाकतो. अपटाइमही सोबत पाठवतो, म्हणजे पहाटे ३ चं रीबूट आणि खरं निसटणं यांत गल्लत होणार नाही.